तलफ कुणाची? मोहाच्या फुलापासून आडव्या बाटलीपर्यंत

एरवी इतिहासाच्या व्याख्यानात राज्यं असतात, लढाया असतात, तह असतात. आजचा विषय जरा वेगळा आहे. तलफ. एखादी गोष्ट हवीच, आत्ताच हवी, तिच्यावाचून दुसरं काही सुचत नाही, अशी जी माणसाची अवस्था होते, तिचा इतिहास आज आपल्याला बघायचा आहे.

आता कुणी म्हणेल, तलफेला कसला आलाय इतिहास? ती शरीराची बाब आहे, डॉक्टरांना विचारा. दुसरा म्हणेल, शरीराचीही नाही, मनाची आहे. ज्याचं मन कमकुवत त्याला तलफ. घरोघरी आपण हेच ऐकतो. "त्याने मनावर घेतलं तर आजच सुटेल." ही दोन्ही उत्तरं पूर्ण चुकीची नाहीत, पण अपुरी आहेत. तलफ लागते एका माणसाला, हे खरं. पण ती घडवण्यात राजा, कायदा, दुकानदार, सावकार, शेजारपाजार असे पुष्कळ जण सामील असतात. हिशोब द्यायची वेळ आली की मात्र तो माणूस आणि त्याचं घर एवढेच उभे राहतात. हे कसं होत आलं, ते आज पाहू.

सुरुवात शब्दांपासून करू, कारण आपल्या भाषेने या बाबतीत बराच विचार करून ठेवलेला आहे.

पहिला शब्द तृष्णा. संस्कृतातली तृष्णा पाली-प्राकृतात तण्हा झाली, आणि तीच मराठीत तहान झाली. म्हणजे आपण रोज पाण्यासाठी जो शब्द वापरतो, तोच गौतम बुद्धाने सारनाथच्या पहिल्या प्रवचनात दुःखाचं मूळ म्हणून वापरलेला आहे. तिथे तण्हेचे तीन प्रकार सांगितलेत. कामतण्हा, म्हणजे सुखाची तहान. भवतण्हा, म्हणजे असण्याची, टिकण्याची, काहीतरी होण्याची तहान. आणि तिसरी विभवतण्हा, म्हणजे नसण्याची तहान, सुटका हवी असण्याची. या तिसरीकडे नीट लक्ष द्या. 'हवं' ही जशी तहान आहे, तशी 'नको' हीसुद्धा तहान आहे. दारूच्या आहारी गेलेला माणूस मजेसाठी पितो असं बाहेरून वाटतं. त्याच्याजवळ बसून बोललं तर कळतं की त्याला पुष्कळदा मजा नकोच असते, त्याला स्वतःपासून दोन तास सुट्टी हवी असते. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही वर्गवारी आजही उपयोगाची आहे ती यासाठी. आणखी एक गोष्ट. तण्हा ही सगळ्यांचीच अवस्था मानलेली आहे. त्यात 'आम्ही चांगले आणि तो व्यसनी' अशी फाळणी नाही.

दुसरा शब्द डोहाळे. संस्कृतात दोहद. सुश्रुतसंहितेत सांगितलंय की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, म्हणून त्या बाईला दोन हृदयं असतात, आणि तिची इच्छा ही तिची एकटीची नसते. मराठीत आपण तिला 'दोन जीवांची' म्हणतो, ते याच विचाराला धरून. या तलफेची कुणी लाज बाळगत नाही. उलट आपण डोहाळजेवण करतो. जैन परंपरेत, हेमचंद्राच्या परिशिष्टपर्वात, चंद्रगुप्त मौर्याच्या आईची गोष्ट आहे. तिला चंद्र पिण्याचे डोहाळे लागले. चाणक्याने काय करावं? छताला भोक असलेला मांडव घातला, खाली दुधाचं भांडं ठेवलं, पौर्णिमेचा चंद्र त्यात उतरला. ती पीत गेली आणि वर बसलेल्या माणसाने ते भोक हळूहळू झाकत आणलं. गोष्ट दंतकथेची, पण तिच्यातला समाज खरा आहे. काही तलफा अशा असतात की त्या भागवायला सगळं गाव धावतं. म्हणजे तलफ चांगली की वाईट हे तिच्या तीव्रतेवरून ठरत नाही. ती कुणाला लागली आणि कशासाठी, यावरून आपण ठरवतो.

तिसरा शब्द व्यसन. हा शब्द आपल्याला माहीत आहे असं आपल्याला वाटतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातलं आठवं अधिकरण सबंध व्यसनांवर आहे. पण तिथे व्यसन म्हणजे आपत्ती. आग, पूर, रोगराई, दुष्काळ ही देशावरची व्यसनं. फितूर मंत्री, मोडका किल्ला, रिकामा खजिना हीसुद्धा व्यसनं. आणि त्याच यादीत राजाची शिकार, जुगार, स्त्रिया आणि मद्यपान. माणसाला त्याच्या हितापासून दूर फेकून देतं ते व्यसन, असा त्याचा अर्थ. म्हणजे पूर आणि दारू यांना एकच शब्द! पूर आलेल्या गावाला आपण 'तुमचं मनोबल कमी पडलं' असं सांगत नाही.

पण याच अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. दारू गाळणं आणि विकणं यावर त्याची देखरेख. पानगृहं कशी असावीत, तर अनेक खोल्यांची, बिछाने-आसनं असलेली, फुलं आणि सुगंध असलेली. तिथे येणाऱ्यांवर हेरांनी नजर ठेवायची. म्हणजे राजा प्यायला तर ती आपत्ती, आणि प्रजा प्यायली तर तो महसूल. आजच्या विषयाचा हा खरा धागा आहे. राज्यसंस्था एका हाताने व्यसनाचा निषेध करते आणि दुसऱ्या हाताने त्याचा गल्ला मोजते, हे काही आजचं नाही.

चौथा शब्द, आपला तलफ. मूळ अरबी तलब. अर्थ शोध, मागणी, बोलावणं. शब्दाच्या मुळाशीच मागणी आहे, आणि मागणी म्हटली की पुरवठा आलाच. तर आता पुरवठ्याकडे वळू.

एकोणिसाव्या शतकातला ठाणे जिल्हा डोळ्यांसमोर आणा. आजचा पालघर त्यातच होता. त्याच्या उत्तरेला लागून दक्षिण गुजरात. हा सगळा पट्टा वारली, कोकणा, ढोडिया, चौधरी, भिल्ल अशा आदिवासींचा. या भागात ताडी होती आणि मोहाची दारू होती. मोह हे झाडाचं नाव, हे इथे मुद्दाम सांगायला हवं, कारण शहरात मोह म्हटलं की वेगळंच आठवतं. मोहाची फुलं खाण्याच्या उपयोगाची, वाळवून ठेवायची, टंचाईत पोटाला आधार. त्याच फुलांची दारू घरी गाळायची. लग्नात, मर्तिकात, देवाच्या कार्यात, लावणीच्या श्रमानंतर ती प्यायची. लोक पीत नव्हते असा कुणाचा दावा नाही. भरपूर पीत होते. पण त्या पिण्याला ऋतू होता, कारण होतं, सोबत होती. दारू गाळणारं घर आणि पिणारं घर यांच्यामध्ये पैसा फारसा नव्हता.

१८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारीचा कायदा आला. ताडाच्या झाडावर कर बसला. घरी दारू गाळणं गुन्हा झाला. दारू सरकारमान्य भट्टीतच तयार व्हायची आणि परवानाधारक दुकानातच विकायची. १८९२ साली तर मोहाच्या फुलांसाठी स्वतंत्र कायदा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत ती फुलं गोळा करण्यावर, साठवण्यावर बंधनं आली. सरकारने शब्दशः मोहावर ताबा मिळवला, असं गमतीने म्हणता येईल. पण ज्यांच्या घरात फुलं सापडायची त्यांच्यासाठी ती गंमत नव्हती.

आता या कायद्यांचा हेतू लोकांनी कमी प्यावं हा होता का? कागदोपत्री तसंही म्हटलं जाई. पण अबकारी हे सरकारचं मोठं उत्पन्न होतं, आणि मक्ता घेणाऱ्याला गुंतवलेला पैसा वसूल करायचाच असे. त्याचा परिणाम काय झाला? पूर्वी दारू सणावाराला घरी व्हायची, ती आता दुकानात, बारा महिने, रोज. दुकानदार अनेक ठिकाणी जमीनदार आणि सावकारही होता. रोख नसेल तर उधार, उधारी फिटली नाही तर मजुरी, शेवटी जमीन. तलफ शरीरात होती, पण तिचं खातं दुकानात उघडलं गेलं.

शहरातही हेच चाललं होतं. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली त्यांनी शहरातल्या दारूच्या दुकानांचा प्रश्न नगरपालिकेपुढे मांडला. फुल्यांनी बोट ठेवलं ते दुकानावर. पिणाऱ्याला उपदेश करणारे तेव्हा पुष्कळ होते. दुकान इथे कुणी येऊ दिलं, हे विचारणारे थोडे होते.

पुढची घटना त्या मानाने कमी सांगितली जाते, म्हणून तिच्यावर थोडा जास्त वेळ घेऊ. १९२२ साल. पालघरच्या किनाऱ्यावर मांगेला कोळ्यांच्या वस्त्यांमध्ये देवीच्या साथीची भीती पसरली. देवीला शांत करायचं म्हणून लोकांनी काही काळ दारू, मासे, मटण सोडलं. कुणाकुणाच्या अंगात देवी येऊ लागली आणि ती आज्ञा देऊ लागली. ही लाट किनाऱ्यावरून डोंगरात शिरली, आदिवासी पाड्यांमधून सरकत गेली, आणि नोव्हेंबर १९२२ मध्ये सुरत जिल्ह्यात पोचली. तोवर देवीचं नाव सलाबाई झालं होतं आणि आज्ञाही वाढल्या होत्या. दारू पिऊ नका. ताडी पिऊ नका. रोज अंघोळ करा. घरं स्वच्छ ठेवा. आणि, हे महत्त्वाचं, दारू विकणाऱ्यांकडे कामाला जाऊ नका.

गावोगाव मांडव पडले. माणसं हजारोंनी जमली आणि दारू सोडून घरी गेली. आदिवासी म्हणजे जन्मजात दारुडे, असं ज्या अधिकाऱ्यांनी आणि सावकारांनी गृहीत धरलं होतं, त्यांच्या डोळ्यांदेखत हे घडलं. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी यावर सविस्तर पुस्तक लिहिलंय, १९८७ साली आलेलं. त्यात दिसतं की बाहेरून कुणी सुधारक येऊन हे सुरू केलेलं नव्हतं. काँग्रेसचे लोक नंतर आले. उपक्रम लोकांचा स्वतःचा होता, आणि सावकाराचा दरवाजा कुठून बंद होतो हे त्यांना बरोबर कळलेलं होतं.

पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. सगळे टिकले नाहीत. पुष्कळ जण परत प्यायला लागले. समाजात दोन तट पडले. नियम पाळणारे ते वरजेला, पूर्वीच्या रीतीकडे वळलेले ते सरजेला. हा चमत्कार होता आणि तो फसला, असं म्हणून आपण याकडे पाठ फिरवू शकतो. पण दुसऱ्या बाजूने बघा. ज्या गोष्टीला आपण एका माणसाचं मनोबल म्हणतो, ते इथे अख्ख्या पाड्याने एकदम दाखवलं. एकट्याने सोडणं आणि शंभर जणांनी एका दिवशी सोडणं यात फरक आहे. एकटा सोडतो तेव्हा त्याचे सोबती सुटतात, संध्याकाळ रिकामी होते. सगळे सोडतात तेव्हा संध्याकाळच बदलते.

आता थोडं विज्ञानाकडे जाऊ, कारण हा मुद्दा तिथेही भेटतो. १९५४ साली कॅनडात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदराच्या मेंदूत एक तार बसवली. उंदराने खटका दाबला की मेंदूच्या विशिष्ट भागाला हलका विद्युतप्रवाह मिळायचा. उंदीर तो खटका पुन्हा पुन्हा दाबत राहिले. लोकांनी निष्कर्ष काढला, सुखाचं केंद्र सापडलं. पुढे तीसेक वर्षांनी अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वेगळंच दिसलं. डोपामिन नष्ट केलेला उंदीर अन्न समोर असूनही खायला उठत नाही, उपाशी मरेल. पण साखरेचा थेंब जिभेवर ठेवला तर तो चाटतो, त्याला गोड लागल्याच्या सगळ्या खुणा दिसतात. म्हणजे आवडणं शाबूत, हवंसं वाटणं गेलं. ही मेंदूतली दोन वेगळी कामं निघाली. व्यसनात याच्या उलट होतं. आवडणं कमी कमी होत जातं आणि हवंसं वाटणं वाढत जातं. "आता त्यात काही मजा राहिली नाही, पण राहवत नाही", हे वाक्य ज्यांनी घरात ऐकलंय त्यांना ते ढोंग वाटतं. ते ढोंग नाही.

आणि हे 'हवंसं वाटणं' जागं कशाने होतं? खुणांनी. तीच गल्ली, तोच मित्र, पगाराचा दिवस, ग्लासाचा आवाज.

याचा मोठा पुरावा एका युद्धातून आला. १९७१ साली अमेरिकेत एकच घबराट उडाली. व्हिएतनाममधले सैनिक हेरॉइन घेत होते आणि ते घरी परत येणार होते. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी जून महिन्यात अमली पदार्थ हा देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू असल्याचं जाहीर केलं. परतणाऱ्या सैनिकांचा अभ्यास करायचं काम ली रॉबिन्स या संशोधिकेकडे आलं. जवळजवळ निम्म्या सैनिकांनी तिथे अफू किंवा हेरॉइन घेऊन पाहिलं होतं. सुमारे २० टक्के तिथे व्यसनाधीन झाले होते. आणि घरी आल्यावर वर्षभरात, त्या व्यसनाधीन झालेल्यांपैकी पुन्हा व्यसनात अडकले ते फक्त ५ टक्क्यांच्या आसपास. लोकांचा विश्वास बसेना. हेरॉइन एकदा धरलं की सुटत नाही, हा तेव्हाचा पक्का समज होता. रॉबिन्स यांच्यावर टीकाही झाली. पण आकडे टिकले. पदार्थ तोच, मेंदू तोच, मग बदललं काय? युद्ध मागे राहिलं होतं. ती भीती, तो कंटाळा, ती सोबत, ते स्वस्त हेरॉइन, सगळं मागे राहिलं होतं. अर्थात, आधीपासून नशेकडे वळलेल्यांना परत अडकण्याचा धोका जास्त होता, हेही त्या अभ्यासात दिसलं. म्हणून यातून 'जागा बदला, व्यसन सुटेल' असं सोपं सूत्र काढू नये. पण तलफ हा माणसाचा कायमचा स्वभाव नाही, तो ज्या जगात राहतो त्याच्याशी तिची मुळं बांधलेली असतात, एवढं नक्की म्हणता येतं.

इथे श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या मनात येत असेल, हे सगळं पिणाऱ्यांचं, आमचा काय संबंध? तर सकाळी उठल्याबरोबर चहा न मिळाल्यास ज्यांचं डोकं दुखतं त्यांच्यासाठी दोन वाक्यं. १९०३ साली चहावर उपकराचा कायदा झाला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पुढच्या काळात रेल्वे स्टेशनांवर, गिरण्यांमध्ये, खाणींमध्ये चहाच्या टपऱ्या बसवण्यात आल्या. चहा करून दाखवायचा, चाखायला द्यायचा, सवय लावायची. आपल्या पणजोबांच्या पिढीत कितीतरी घरांत चहा शिरू देत नसत. आज तो न विचारणं हा पाहुण्याचा अपमान आहे. तीन-चार पिढ्यांत एक तलफ संस्कृती होऊन बसली. ती घातक नाही म्हणून आपण तिचा हिशोब विचारत नाही, एवढंच.

शेवटी आजच्या महाराष्ट्रात येऊ. आपल्या राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात राज्याने दारूबंदीसाठी प्रयत्न करावा असं मार्गदर्शक तत्त्व आहे. त्याच राज्याच्या तिजोरीत उत्पादन शुल्कही येतं. सुराध्यक्षाची खुर्ची रिकामी झालेली नाही. आंदोलनांमुळे १९९३ साली गडचिरोलीत दारूबंदी झाली. चंद्रपुरात २०१५ साली झाली आणि २०२१ साली उठवण्यात आली. गावागावात बायकांनी मतदान करून दुकानं बंद केली. एका चिन्हावर उभी बाटली, दुसऱ्यावर आडवी. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं पाहिजे, असा नियम. मजूर बाई त्या दिवशी रोजगार बुडवून रांगेत उभी राहते, तेव्हा ती फुल्यांचाच प्रश्न विचारत असते. माझा नवरा पितो हे मला ठाऊक आहे. पण दुकान इथे कुणी उघडलं?

दुकान बंद झाल्यावर तलफ संपते का? नाही. शेजारच्या गावात दुकान असतं, चोरटी दारू असते, आणि मेंदूतल्या खुणा असतात. म्हणून दुसरं कामही लागतं. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. पु. ल. देशपांडे यांनी त्याला आर्थिक बळ दिलं. तेव्हा शहरात गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने, तरुण पोरं चालली होती. तिथल्या पद्धतीत औषध हा छोटा भाग. मोठा भाग गटात बसून बोलणं, घरच्यांना सोबत घेणं, बाहेर पडल्यावर संपर्क न तोडणं. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसचं तत्त्वही तेच. एकट्याने लढू नकोस. १९२२ च्या मांडवात बसलेल्या माणसांना हे कुणी शिकवलं नव्हतं, पण त्यांनी केलं होतं हेच.

मग ज्याला तलफ लागते त्याची काहीच जबाबदारी नाही का, हा प्रश्न उरतो, आणि तो योग्य आहे. ज्या बाईने मार खाल्लाय तिला आपण इतिहास सांगून गप्प बसवू शकत नाही. हात उगारला तो त्याचाच, आणि त्याचं उत्तर त्यालाच द्यावं लागेल. आपण एवढंच म्हणतोय की हिशोबाची वही उघडली तर ती पूर्ण उघडावी. तिच्यात पिणाऱ्याचं पान असेल, दुकानदाराचं असेल, तिजोरीचं असेल, आणि संध्याकाळी त्याला हाक न मारणाऱ्या शेजाऱ्याचंही असेल. आज घराघरात एकच पान वाचलं जातं, आणि ते वाचून वाचून बायका-पोरं थकून जातात.

आपल्यापैकी अनेकांच्या घरात, नात्यात असा माणूस असेल. त्याच्याशी पुढच्या वेळी बोलताना 'तू का पितोस?' याऐवजी 'कधी, कुठे, कुणाबरोबर पितोस?' असं विचारून बघा. पहिल्या प्रश्नाला खोटं उत्तर मिळतं किंवा भांडण मिळतं. दुसऱ्याला निदान काही खरी माहिती मिळते, आणि काम तिथूनच सुरू होतं.

इथे थांबू आणि प्रश्नोत्तरांकडे वळू.